‘ऑब्व्हिएट’ : गरज स्पष्ट होत नाही, की गरज संपत नाही?

आधी विचारलेली गोष्ट थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे विवेचन नेमके कशाबद्दल आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. प्रश्नकर्त्यांकडे भाषांतरासाठी आलेल्या एका करारात असे वाक्य आहे : ‘प्रायर अप्रूव्हल शॅल नॉट ऑब्व्हिएट द नीड फॉर अ फ्रेश इन्स्पेक्शन.’ त्यांनी त्याचे भाषांतर ‘पूर्वमंजुरी नव्या तपासणीची गरज स्पष्ट करणार नाही’ असे केले. सहकाऱ्याने ते खोडून ‘पूर्वमंजुरी नव्या तपासणीची गरज टाळणार नाही’ असे लिहिले. शब्दकोशात ‘निवारण करणे, दूर करणे’ हे अर्थ सापडले, पण ते घालून पाहिल्यावर वाक्य आणखीच अवघडले. त्यांना या क्रियापदाचा खरा अर्थ हवा आहे, मराठीत एखादा नेमका प्रतिशब्द हवा आहे, आणि स्वतःच्या इंग्रजी लेखनात हा शब्द वापरावा की नाही याचा सल्लाही हवा आहे.

माझे उत्तर आधी देऊन टाकते. पहिले भाषांतर चुकीचे आहे आणि करारात ते महागात पडू शकते. दुसऱ्याचा आशय बरोबर आहे, पण मराठी वाक्य लंगडे आहे. शब्दकोशातले अर्थही खोटे नाहीत. ते वेगळ्या प्रकारच्या वाक्यांना लागू पडतात. मी हे वाक्य असे लिहीन : ‘पूर्वमंजुरी मिळालेली असली, तरी नव्याने तपासणी करणे आवश्यकच राहील.’ यात ‘ऑब्व्हिएट’ला प्रतिशब्द म्हणून एकही क्रियापद नाही, मूळ वाक्यातला नकारही नाही, आणि तरीही मूळ वाक्याचा एकही अंश सुटलेला नाही. हे कसे, ते सांगण्यासाठीच पुढचा लेखनप्रपंच.

‘स्पष्ट करणे’ हा अर्थ मनात का आला, हे ओळखणे अवघड नाही. ‘ऑब्व्हियस’ हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे, त्याचा अर्थ ‘उघड’, आणि इंग्रजीत विशेषणाला ‘एट’ जोडून क्रियापद बनवण्याची सवय आपल्या कानाला असते. तेव्हा ‘ऑब्व्हिएट’ म्हणजे ‘उघड करणे’ असा निष्कर्ष क्षणात निघतो. ही चूक केवळ आपल्याकडच्या लोकांची आहे असे समजू नका, इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ती करतात. आणि ती पूर्णपणे निराधारही नाही, कारण हे दोन्ही शब्द खरोखरच एका घरातले आहेत. लॅटिनमध्ये ‘व्हिया’ म्हणजे रस्ता, आणि ‘ओब’ या उपसर्गात ‘समोर’ व ‘विरुद्ध’ अशा दोन्ही छटा आहेत. त्यावरून ‘ओब्व्हियस’ म्हणजे वाटेत समोर येणारा. जे वाटेत समोरच उभे आहे ते न दिसण्याचा प्रश्नच नाही, म्हणून ‘उघड’ हा अर्थ तयार झाला. पण वाटेत समोर उभा राहणारा माणूस वाट अडवूही शकतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘ओब्व्हिआरे’ या क्रियापदाने भेटणे, विरोध करणे, रोखणे अशी मजल मारली आणि इंग्रजीत क्रियापद आले ते हा दुसरा अर्थ घेऊन. दोन्ही शब्द १६व्या शतकात इंग्रजीत आले. तेव्हापासून एक पाहण्याच्या बाजूला गेला आणि दुसरा अडवण्याच्या.

मराठीत याला जवळचा दाखला आहे तो ‘सामोरे जाणे’ या शब्दप्रयोगाचा. आपण पाहुण्याला सामोरे जातो आणि संकटालाही सामोरे जातो. लॅटिनमध्येही ‘ओब्व्हिआम ईरे’ हा अगदी असाच वाक्प्रचार आहे, आणि तो स्वागताला जसा चालतो तसाच शत्रूला अडवण्यालाही. फरक एवढाच की मराठीत संकटाला सामोरे जाणारा माणूस ते झेलतो, तर ‘ऑब्व्हिएट’ करणारी गोष्ट संकटाला वाटेतच गाठून तिथूनच परत पाठवते. ते दारापर्यंत पोचतच नाही. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, तर पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात.

जाता जाता : ‘प्रीव्हियस’, ‘डीव्हिएट’, ‘ट्रिव्हिअल’, ‘इम्पर्व्हियस’ या सगळ्या शब्दांत हाच रस्ता लपलेला आहे. आधी वाटेने गेलेला, वाट सोडून जाणारा, तिठ्यावर मिळणारा म्हणून सामान्य, आणि ज्यातून वाटच नाही असा. शब्द लक्षात ठेवायला याचा उपयोग होतो. वाक्याचे भाषांतर करताना मात्र व्युत्पत्तीवर फार विसंबू नये.

हा शब्द नीट समजायचा असेल, तर त्याचे कर्म कोण असते याकडे पाहावे. माझ्यासमोर येणाऱ्या कागदपत्रांत, म्हणजे करारनामे, यंत्रांच्या पुस्तिका, वैद्यकीय लेख आणि पेटंटचे मसुदे यांत, ‘ऑब्व्हिएट’च्या पुढे बहुतेक वेळा ‘द नीड फॉर’ किंवा ‘द नेसेसिटी ऑफ’ येते. त्याखालोखाल अडचण, आक्षेप, धोका, शंका, विलंब. कर्माच्या जागी हाडामांसाचा माणूस किंवा हातात धरता येईल अशी वस्तू जवळजवळ कधीच नसते. म्हणजे हे क्रियापद वस्तूला हात लावत नाही. वस्तूची गरज किंवा तिच्यातून उपजणारी अडचण यांवरच ते काम करते. भाषांतर घसरते ते बहुधा इथेच, कारण घाईत ‘तपासणीची गरज संपवणे’ आणि ‘तपासणी रोखणे’ हे एकच वाटू लागते.

ते एक नाही, हे एका वैद्यकीय उदाहरणातून चांगले दिसते. सीलिअ‍ॅक रोगाच्या, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याच्या विकाराच्या, निदानासाठी आतड्याचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, ही पूर्वापार पद्धत. मुलांच्या पचनविकारांच्या तज्ज्ञांच्या युरोपीय संस्थेने २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अशी मुभा दिली की लक्षणे असलेल्या मुलाच्या रक्तातील विशिष्ट अँटिबॉडीचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या दहापटींहून अधिक असेल आणि इतर ठराविक चाचण्यांनी त्याला दुजोरा मिळाला, तर बायोप्सीवाचून निदान करता येईल. अशा वेळी इंग्रजीत लिहितात की या चाचण्या बायोप्सीची गरज ‘ऑब्व्हिएट’ करतात. आता कुणी मराठीत ‘या चाचण्या बायोप्सीला प्रतिबंध करतात’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या आईवडिलांना वाटेल की आता बायोप्सी करूच नये असा नियम झाला. तसे मुळीच नाही. डॉक्टरला शंका असेल, तर तो ती करू शकतो. गरज नाहीशी झाली आहे, मुभा कायम आहे. ‘या चाचण्यांमुळे बायोप्सी करण्याची गरज उरत नाही’ एवढेच म्हणायचे आहे आणि एवढेच म्हणावे.

आता शेजारचे शब्द. ‘प्रिव्हेंट’ घटना घडू देत नाही, म्हणून तिथे ‘रोखणे’ किंवा ‘प्रतिबंध करणे’ योग्य. ‘प्रिक्लूड’मध्ये दार लावून घेण्याची कल्पना आहे, त्यात शक्यताच बंद होते, आणि करारात हा फरक फार महत्त्वाचा असतो, कारण एक कलम दुसऱ्या उपायाची गरज संपवते की त्या उपायाचा हक्कच काढून घेते यावर पुढे वाद उभे राहतात. ‘अव्हर्ट’मध्ये अंगावर आलेले संकट ऐन वेळी बाजूला वळते. ‘अव्हॉइड’मध्ये करणारा स्वतः वळसा घालून जातो, म्हणून तिथे ‘टाळणे’ शोभते.

‘फोरस्टॉल’वर थोडे अधिक लिहिते, कारण हाही वाटेत गाठण्याचाच शब्द आहे आणि त्याची कथा रंजक आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ रस्त्यात दबा धरून हल्ला करणे असा होता. पुढे मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजारात येणारा माल वाटेतच विकत घेऊन भाव चढवणाऱ्या व्यापाऱ्याला हा शब्द लागू झाला; तो तिथे गुन्हा होता आणि कायद्याच्या पुस्तकातून तो पुरता निघाला तो थेट १८४४ साली. आज ‘फोरस्टॉल’ म्हणजे दुसऱ्याची चाल आधीच ओळखून तिच्यावर कुरघोडी करणे. त्यात समोर कुणी प्रतिस्पर्धी असतो, त्याचा काही बेत असतो. ‘ऑब्व्हिएट’ला प्रतिस्पर्धी लागत नाही, परिस्थितीच अशी बदलते की अडचणीला उभे राहायला जागा उरत नाही.

आणखी एक शब्द सांभाळायला हवा, तो ‘मिटिगेट’. त्यात तीव्रता कमी होते, मूळ गोष्ट शिल्लक राहते. ‘ऑब्व्हिएट’मध्ये ती शिल्लक राहत नाही. यंत्राच्या पुस्तिकेत ‘धोका कमी होतो’ आणि ‘धोका उरत नाही’ यांत जीवनमरणाचा फरक असू शकतो, त्यामुळे इथे कानाला गोड लागते म्हणून शब्द बदलू नये. इंग्रजी लेखकाने ‘लार्जली ऑब्व्हिएट्स’ असे लिहिले असेल, तर ‘बहुतांशी’ हा शब्द मराठीत आलाच पाहिजे.

प्रतिशब्दाच्या प्रश्नाकडे वळते. ‘ऑब्व्हिएट’ला मराठीत एकच सकर्मक क्रियापद शोधण्याचा नाद मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडला. ‘निवारणे’ दिसायला नेमके वाटते, पण मराठीत ‘निवारण’ आता बहुधा घडून गेलेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीचे होते. तक्रार आल्याशिवाय तक्रार निवारण होत नाही. ‘परिहार’चेही तसेच; शंका निघाल्यावर तिचा परिहार होतो. ‘ऑब्व्हिएट’चे बहुतेक काम मात्र त्याआधीचे असते. ‘टाळणे’ला तर कर्ता जिवंत लागतो. तुमच्या सहकाऱ्याचे ‘पूर्वमंजुरी गरज टाळणार नाही’ हे वाक्य वाचताना डोळ्यांसमोर कामाची टाळाटाळ करणारी एक पूर्वमंजुरी उभी राहते, आणि ती म्हणे यापुढे तसे करणार नाही! इंग्रजीत निर्जीव गोष्टी बिनदिक्कत कर्ता होतात. मराठीत तोच कर्ता ‘-मुळे’ लावून कारण म्हणून बसवला आणि क्रियापद अकर्मक घेतले, की वाक्य लगेच मोकळा श्वास घेते.

म्हणून माझ्या कामात मी ‘अमुकमुळे तमुकची गरज … नाही’ असा साचा धरते. आता त्या रिकाम्या जागी कोणते क्रियापद घालायचे, हाच खरा मराठीचा कस आहे, आणि तो शब्दकोशात सापडत नाही. ‘गरज पडत नाही’ म्हणजे तसा प्रसंगच येत नाही. ‘गरज उरत नाही’ म्हणजे गरज होती किंवा एरवी असती, आता या गोष्टीमुळे ती संपली. ‘गरज राहत नाही’ हे त्याच्या जवळचे, पण त्यात एक प्रकारची कायमची मोकळीक सूचित होते. ‘गरज भासत नाही’ म्हणजे कुणाला तरी ती जाणवत नाही. गरज खरोखर आहे की नाही याबद्दल हे वाक्य काहीच बोलत नाही. शेवटचा प्रयोग ललित लेखनात सुंदर आहे, करारात तो घालू नये, कारण उद्या कुणीही म्हणेल की आम्हाला भासली नाही. ‘ऑब्व्हिएट’ला सर्वांत जवळचे ‘उरत नाही’ आहे, कारण त्या शब्दातही ‘एरवी असती’ हे गृहीत आहे. मुळात ज्याची गरज कधी नव्हतीच, ती गोष्ट ‘ऑब्व्हिएट’ करता येत नाही.

कर्म बदलले की साचाही बदलतो. आक्षेप असेल तर ‘हा आक्षेप निघूच नये म्हणून’. शंका असेल तर ‘शंकेला जागा राहू नये म्हणून’. धोका असेल तर ‘धोक्याला वाव उरत नाही’. अडचण असेल तर ‘ही अडचण उद्भवतच नाही’. विलंब असेल तर सरळ ‘विलंब टळतो’. १८व्या आणि १९व्या शतकांतल्या इंग्रजी गद्यात ‘टु ऑब्व्हिएट धिस डिफिकल्टी’ अशी सुरुवात वारंवार भेटते आणि तिथे कर्ता बहुधा माणूस असतो. अशा ठिकाणी ‘ही अडचण येऊ नये यासाठी त्यांनी…’ हे सहज बसते. तिथे ‘-मुळे’चा साचा उगाच ओढून आणू नये.

‘ऑब्व्हिएट द नीड’ ही द्विरुक्ती आहे, असा आक्षेप इंग्रजी शैलीबद्दल लिहिणारे काही जण घेतात. त्यांचे म्हणणे असे की ‘ऑब्व्हिएट’ म्हणजेच ‘अनावश्यक ठरवणे’, मग पुन्हा ‘नीड’ कशाला? मला हा आक्षेप पटत नाही. क्रियापदाचा मूळ अर्थ ‘आधीच गाठून दूर करणे’ असा आहे, आणि जशी अडचण दूर करता येते तशी गरजही दूर करता येते. शिवाय ‘नीड’ काढून टाकून ‘ऑब्व्हिएट्स अ फ्रेश इन्स्पेक्शन’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला तपासणी ही काहीतरी आपत्ती आहे असे वाटण्याचा संभव असतो. तेव्हा मूळ मजकुरात ‘नीड’ दिसला म्हणून लेखकाला कमी लेखू नका, आणि नाही दिसला तर मराठीत ‘गरज’ हा शब्द तुम्ही घाला.

आतापर्यंतचे एवढे ध्यानात धरले तरी होकारार्थी वाक्ये सुटतील : कर्म पाहायचे, कर्ता ‘-मुळे’ने बसवायचा आणि ‘उरत नाही’पासून सुरुवात करून कर्माप्रमाणे क्रियापद बदलायचे. तुमचे वाक्य मात्र नकारार्थी आहे, आणि या शब्दाच्या बाबतीत मला सर्वांत मोठा धडा मिळाला तो नकारार्थी वाक्यानेच.

सुरुवातीच्या काळात मी एका यंत्राची वापरपुस्तिका मराठीत आणली होती. त्यात सुरक्षेच्या पानावर अशा अर्थाचे वाक्य होते की झाकणावरील इंटरलॉक (झाकण उघडताच यंत्र थांबवणारी सुरक्षा-योजना) दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा तोडण्याची गरज ‘डझ नॉट ऑब्व्हिएट’. मी मोठ्या समाधानाने लिहिले : ‘इंटरलॉकमुळे वीजपुरवठा तोडण्याची गरज टळत नाही.’ व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर. छपाईपूर्वी तो मजकूर यंत्रावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका जाणकाराला वाचायला दिला गेला. त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, ‘म्हणजे पुरवठा तोडायची गरज नाही, असंच ना?’ मी थक्क झाले. नंतर शांतपणे पाहिले तेव्हा चूक त्यांची नव्हती हे कळले. ‘तोडण्याची गरज’ आणि शेवटी ‘नाही’ हे दोन ठोकळे डोळ्यांना आधी दिसतात; मधले ‘टळत’ हे अर्थाने स्वतःच नकारार्थी असलेले छोटेसे क्रियापद घाईत निसटते. ते निसटले की वाक्याचा अर्थ उलटा होतो, आणि इथे उलटा अर्थ म्हणजे जिवंत तारेला हात.

दुरुस्त केलेले वाक्य असे झाले : ‘इंटरलॉक असला, तरी दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा तोडलाच पाहिजे.’ तेव्हापासून मी ‘डझ नॉट ऑब्व्हिएट’ दिसले की दोन नकार एकमेकांत विरघळवून होकारार्थी वाक्य करते. इंग्रजीत ‘ऑब्व्हिएट’मध्ये एक नकार पोटात आहे आणि ‘नॉट’ हा दुसरा. दोन्ही मिळून ‘गरज आहेच’ असा ठाम होकार तयार होतो. मराठीत तो होकार सांगायला आपल्याजवळ अत्यंत सुटसुटीत साधन आहे, ते म्हणजे ‘तरी’ आणि ‘च’. ‘मंजुरी असली तरी तपासणी करावीच लागेल’, ‘प्रमाणपत्र असले तरी नोंदणी आवश्यकच राहील’. बोलीच्या जवळ जायचे असेल, तर ‘मंजुरी मिळाली म्हणून तपासणी चुकत नाही’ हेही मराठीच्या अंगचे वाक्य आहे. मात्र ‘चुकणे’चा दुसरा अर्थ ‘चूक होणे’ असा असल्याने करारात मी ते घेणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो : कायदेशीर मजकुरात भाषांतरकाराने वाक्याची रचना इतकी बदलावी का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन्ही भाषांतील मजकूर समान अधिकृत मानला जाणार असेल आणि कलमे शब्दशः ताडून पाहिली जाणार असतील, तर मी ‘पूर्वमंजुरीमुळे नव्याने तपासणी करण्याची आवश्यकता संपुष्टात येणार नाही’ अशी मूळ रचनेला धरून राहणारी आवृत्ती देते आणि होकारार्थी पर्याय वेगळा कळवते. ‘टळत’ऐवजी ‘संपुष्टात येणार’ असा लांब प्रयोग मी मुद्दाम करते, कारण तो डोळ्यांतून निसटत नाही. मजकूर वापरणाऱ्यांसाठी असेल, म्हणजे सूचना, पुस्तिका, माहितीपत्रक, तर होकारार्थी वाक्यच योग्य, तिथे मला दुसरे मत नाही. तुमच्या करारात नेमकी कोणती परिस्थिती आहे हे ज्याने काम दिले त्याला विचारून घ्या.

पेटंटच्या मजकुराबद्दल स्वतंत्र लिहायला हवे, कारण तिथे ‘ऑब्व्हियस’ आणि ‘ऑब्व्हिएट’ या दोघी बहिणी एकाच पानावर भेटतात. शोध ‘ऑब्व्हियस’ नसावा, ही पेटंट मिळण्याची एक मूलभूत अट आहे. अमेरिकेत १९५२ च्या पेटंट कायद्याच्या कलम १०३ मध्ये ती आहे, युरोपीय पेटंट कराराच्या कलम ५६ मध्ये आहे, आणि भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’च्या व्याख्येतही आहे. दुसरीकडे, अर्जदार वर्णनात हमखास लिहितो की प्रस्तुत शोध आधीच्या साधनांमधील त्रुटी ‘ऑब्व्हिएट’ करतो. आता कुणी इथे ‘त्रुटी उघड करतो’ असे लिहिले, तर अर्थ गेलाच; आणि ‘शोध उघड आहे’ याच्या आसपास काही लिहिले गेले, तर ज्या कारणावरून अर्ज फेटाळला जातो तेच कारण भाषांतरकाराने अर्जदाराच्या तोंडी घातले असे होईल. ‘या शोधामुळे पूर्वीच्या साधनांतील वरील त्रुटी उरत नाहीत’ एवढे पुरे.

याच क्षेत्रात माझ्या वरच्या विवेचनाला एक अपवादही सापडतो, तो लपवणे बरे नव्हे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या एका छापील फॉर्मच्या शीर्षकातच ‘ऑब्व्हिएट’ आहे : दुहेरी पेटंटच्या कारणावरून होणारा नकार ‘ऑब्व्हिएट’ करण्यासाठी द्यायचे मुदतत्यागाचे निवेदन. त्याच मालकाचे नंतरचे पेटंट आधीच्या पेटंटहून फारसे वेगळे नाही असे परीक्षकाला वाटले, तर अर्जदार नंतरच्या पेटंटची आधीच्या पेटंटपलीकडे जाणारी मुदत सोडून देतो आणि अडथळा दूर होतो. गंमत म्हणजे या नकाराच्या एका प्रकाराच्या नावात ‘ऑब्व्हियसनेस’ आहे, म्हणजे एक बहीण दुसरीला हटवते. मुद्दा असा की इथे परीक्षकाचा नकार बरेचदा आधीच आलेला असतो. तेव्हा ‘ऑब्व्हिएट’ नेहमी आगाऊच घडते असा कडक नियम मांडता येणार नाही. अशा ठिकाणी ‘नकाराचे कारण दूर करणे’ किंवा ‘नकार निरस्त होण्यासाठी’ असे लिहावे लागते, आणि शब्दकोशातले ‘दूर करणे’ इथे अगदी चपखल बसते. मी सुरुवातीला शब्दकोश खोटा नाही म्हटले ते याचमुळे.

शब्द इंटरनेटवर शोधताना भाषाशास्त्रातील ‘ऑब्व्हिएटिव्ह’ ही संज्ञाही समोर येईल. क्री, ओजिब्वे यांसारख्या अल्गाँक्वियन भाषांत एकाच कथनात दोन तृतीयपुरुषी पात्रे असली, तर त्यांतील कमी महत्त्वाच्या पात्राला जे वेगळे व्याकरणिक रूप दिले जाते त्याचे हे नाव. त्याचा तुमच्या कराराशी काही संबंध नाही, ते बाजूला ठेवा.

आता तुमच्या इंग्रजी लेखनाबद्दल. हा शब्द औपचारिक आहे. अहवाल, करार, शोधनिबंध यांत शोभतो, साध्या ईमेलमध्ये जड वाटतो. तिथे ‘मेक्स इट अननेसेसरी’ हेच साधे आणि स्वच्छ. वापरायचाच असेल, तर त्याच्यापुढे नाम ठेवा किंवा ‘हॅविंग टु’ अशी ‘इंग’ची रचना ठेवा. त्याच्यापुढे ‘दॅट’ लावून वाक्य जोडू नका आणि ‘ऑब्व्हिएट समवन फ्रॉम डूइंग’ अशी ‘प्रिव्हेंट’च्या चालीवरची रचना करू नका, ती इंग्रजीत नाही. होऊन गेलेल्या नुकसानीला ‘रेमेडी’ करा, ‘ऑब्व्हिएट’ नको. आणि जिथे काम करणाऱ्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, तिथे इंग्रजीतही ‘डझ नॉट ऑब्व्हिएट’ लिहू नका, ‘यू मस्ट स्टिल’ लिहा. वाचणारा इंग्रजी भाषिक असला, तरी दोन नकारांमध्ये तोही अडखळतो.

तुमच्या वाक्यात एक लहानशी गोष्ट अजून पाहायची राहिली आहे. ‘फ्रेश इन्स्पेक्शन’ला तुम्ही ‘नवी तपासणी’ म्हटले आहे, त्याऐवजी ‘नव्याने तपासणी’ म्हणा. ‘नवी तपासणी’ म्हणजे वेगळ्या प्रकारची तपासणी असा अर्थ कुणी काढू शकेल, आणि करारात पूर्वीचीच तपासणी पुन्हा करायची असेल तर तो अर्थ तुम्हाला नको आहे. ती पुन्हा करायची आहे की वेगळी, हे व्याख्यांच्या कलमात पाहून मगच वाक्य पक्के करा.